व्याख्यात्याचीं बोटें आणि पडद्यावरचीं चित्रें



आजचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटेल. ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे ती समोर ठेवून बोलणें सोयीचें, आणि नभोवाणी तर डोळ्यांना कांहींच दाखवूं शकत नाहीं. तथापि ही अडचण या विषयाला पोषकच आहे. संगणकाच्या साहाय्यानें व्याख्यान देणाऱ्याला बोटांखालच्या कांहीं मोजक्या कळा न पाहतां दाबतां आल्या पाहिजेत, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. आणि जें न पाहतां करावयाचें तें ऐकूनच शिकणें बरें.

शाळा, महाविद्यालयें, बँका, कचेऱ्या, फार काय, हळदीकुंकवाच्या निमित्तानें होणाऱ्या आरोग्यविषयक भाषणांतसुद्धां आतां वक्त्याच्या बोलण्याबरोबर पडद्यावर चित्रें दाखविण्याची रूढि पडली आहे. या चित्रांच्या मालिकेस प्रेझेंटेशन म्हणतात व एकेका चित्रास स्लाइड. मायक्रोसॉफ्टचें पॉवरपॉइंट, ॲपलचें कीनोट, गूगलचें स्लाइड्स आणि विनामूल्य मिळणारें लिब्रेऑफिस इम्प्रेस हे त्यासाठीं वापरले जाणारे प्रमुख प्रोग्रॅम होत. ही सामग्री घरोघर झाली. परंतु ती सभेंत चालवावी कशी, हें मात्र फारसें कोणी कोणास शिकवीत नाहीं.

याचा प्रत्यय मला कन्हान येथें आला. नागपूरहून कामठी ओलांडून पुढें गेलें म्हणजे कन्हान नदीच्या कांठीं हें गांव लागतें. जवळच कोळशाच्या खाणी आहेत, आणि रेल्वेच्या मुख्य मार्गावरून रामटेककडे जाणारा फांटा येथेंच फुटतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीं एका शाळेच्या सभागृहांत ऊष्माघातावर भाषण ठेविलें होतें. आपल्याकडे वैशाखांत कित्येक दिवस पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. तेव्हां विषय जीवनमरणाचा होता. भाषण देणाऱ्या आरोग्यसेविका बाईंनीं घरच्या मोठ्या संगणकावर रात्री जागून अठरा स्लाइडी तयार केल्या होत्या. श्रोत्यांत खाणकामगार होते, त्यांच्या घरच्या बायका होत्या, विटांच्या भट्टीवर राबणारीं माणसें होतीं.

सभागृहांतला लॅपटॉप निराळा होता. बाईंनीं घरच्या सवयीप्रमाणें वरच्या ओळींतली एफ ५ ही कळ दाबली. चित्र मोठें होण्याऐवजीं पडद्याचा उजेड मंदावला. पुन्हां दाबली, उजेड आणखी मंदावला. मग जो तो उठून सल्ला देऊं लागला. कोणी म्हणाला तार सैल आहे, कोणी म्हणाला यंत्र बंद करून पुन्हां चालू करा. दहा मिनिटें गेलीं. बाईंच्या कपाळावर घाम आला. शेवटीं मागच्या बाकावरचा एक कामगार उठला आणि म्हणाला, "बाई, मले पाळीवर जा लागते. बाकीचं तुम्ही तोंडानंच सांगा." त्याच्यामागून आणखी सात-आठ जण गेले. दुपारच्या उन्हांत ज्यांना काम करावयाचें होतें तेच नेमके भाषण न ऐकतां गेले.

बाईंचें ज्ञान कमी नव्हतें, यंत्रही बिघडलेलें नव्हतें. एका कळेचा अर्थ दोन यंत्रांवर दोन असतो, एवढी एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. ती गोष्ट आज आपण समजून घेऊं.

पडद्यावर चित्रें दाखवून बोलण्याची कला आपल्याकडे नवी नाहीं. इ. स. १८९० नंतरच्या दशकांत कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या उजेडानें पडद्यावर मोठीं करून दाखवावयाचीं आणि त्यांच्या जोडीनें कथा सांगावयाची, असा तो प्रकार असे. पुढें व्याख्यातेही असे कंदील वापरूं लागले. तेव्हां चित्र बदलणारा मनुष्य कंदिलापाशीं उभा राही आणि वक्ता पडद्यापाशीं; छडी आपटली कीं पुढचें चित्र येई. आज तो कंदिलापाशींचा मनुष्य राहिला नाहीं. त्याचें काम वक्त्याच्याच बोटांकडे आलें आहे. एका तोंडानें बोलावयाचें, एका डोळ्यानें श्रोत्यांकडे पाहावयाचें आणि हातानें यंत्र चालवावयाचें, अशी ही तिहेरी कसरत आहे. म्हणूनच हाताचें काम इतकें अंगवळणीं पडलें पाहिजे कीं त्याकडे मन द्यावेंच लागूं नये.

सुदैवानें हें काम थोडें आहे. कळांच्या शेकडो युक्त्या छापलेल्या याद्या मिळतात. त्या पाठ करण्याची गरज नाहीं. सभेंत वक्त्याला सहाच गोष्टी कराव्या लागतात. पहिल्या चित्रापासून सुरुवात करणें ही एक. मध्येंच थांबावें लागल्यास समोरच्या चित्रापासून पुढें सुरू करणें ही दुसरी. पुढें व मागें जाणें ही तिसरी. पडदा कांहीं वेळ काळा करणें ही चौथी. मधलीं चित्रें न दाखवितां हव्या त्या चित्रावर थेट जाणें ही पांचवी. आणि संपविणें ही सहावी. या सहांपैकीं शेवटच्या चार गोष्टींच्या कळा जवळ जवळ सगळीकडे सारख्या आहेत. भांडण आहे तें पहिल्या दोहोंचें, म्हणजे सुरुवातीचें.

विंडोजवर चालणाऱ्या पॉवरपॉइंटमध्यें एफ ५ दाबली असतां पहिल्या चित्रापासून सुरुवात होते. शिफ्ट धरून एफ ५ दाबली असतां समोर असलेल्या चित्रापासून होते. लिब्रेऑफिसमध्येंही हाच क्रम आहे. परंतु ॲपलच्या मॅक संगणकावरील पॉवरपॉइंटमध्यें कमांड व रिटर्न या दोन कळा एकत्र दाबल्यास समोरच्या चित्रापासून सुरुवात होते, आणि त्यांत शिफ्ट मिळविली तर पहिल्यापासून. गूगल स्लाइड्समध्यें विंडोजवर कंट्रोल व एफ ५ यांनीं समोरच्या चित्रापासून, आणि शिफ्ट मिळविल्यास पहिल्यापासून सुरुवात होते. चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं शिफ्टचा अर्थ येथें उलटा झाला. एके ठिकाणीं शिफ्ट म्हणजे 'येथून', दुसऱ्या ठिकाणीं शिफ्ट म्हणजे 'पहिल्यापासून'. कित्येक वक्ते भाषणाच्या मध्यावर पुन्हां मुखपृष्ठावर जाऊन पडतात आणि ओशाळतात, त्याचें एक कारण हें आहे. कीनोटची तऱ्हा याहून निराळी. तेथें ऑप्शन, कमांड आणि पी या तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात.

गूगल स्लाइड्सच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. तो प्रोग्रॅम ब्राउझरमध्यें चालतो, आणि ब्राउझरमध्यें नुसत्या एफ ५ चा अर्थ 'पान पुन्हां उतरवून घे' असा आहे. सभागृहांत इंटरनेट मंद असेल तर नुसती एफ ५ दाबणाऱ्यास कोऱ्या पडद्याकडे पाहत बसावें लागेल.

हा गोंधळ कोणा एकाच्या हट्टानें झालेला नाहीं. त्याला इतिहास आहे. आय.बी.एम.नें १९८१ मध्यें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या कळफलकावर डाव्या बाजूस एफ १ पासून एफ १० पर्यंत दहा कळा होत्या. पुढें त्या बारा झाल्या व वरच्या ओळींत गेल्या. या कळांना स्वतःचा अर्थ नव्हता. ज्या त्या प्रोग्रॅमनें त्यांना काम नेमून द्यावें, अशी योजना होती. उलट १९८४ मध्यें निघालेल्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर एफच्या कळा मुळींच नव्हत्या, बाणांच्याही नव्हत्या. तेथें कमांड नांवाच्या कळेबरोबर एखादें अक्षर दाबून हुकूम देण्याची रीत पडली. पॉवरपॉइंटचा जन्म झाला तो या मॅकिंटॉशवर. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनीं फोरथॉट नांवाच्या एका लहान कंपनींत तें तयार केलें आणि १९८७ मध्यें विक्रीस आणलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली, आणि १९९० मध्यें विंडोजवरची आवृत्ति निघाली. याप्रमाणें एकच प्रोग्रॅम दोन घराण्यांत वाढला आणि प्रत्येक घरची चालरीत उचलीत गेला. गूगल तर तिसऱ्याच घरीं, ब्राउझरांत, वाढलें. तेथें एफ ५ आधींच दुसऱ्या कामाला लागलेली होती.

आतां कन्हानच्या बाईंचें काय चुकलें तें पाहूं. मोठ्या संगणकाच्या कळफलकावर एफ ५ ही एफ ५ च असते. परंतु लॅपटॉप लहान असल्यामुळें उजेड कमीजास्त करणें, आवाज वाढविणें, बंद करणें, हीं कामें त्याच वरच्या ओळीवर लादलेलीं असतात. पुष्कळ लॅपटॉपांवर नुसती कळ दाबल्यास हीं घरगुती कामें होतात, आणि कळेचा मूळचा अर्थ हवा असल्यास डाव्या कोपऱ्याजवळची एफ-एन ही कळ धरून ठेवावी लागते. बाईंनीं एफ-एन धरून एफ ५ दाबली असती तर पहिलें चित्र तत्काळ दिसलें असतें. कित्येक यंत्रांवर एफ-एन व एस्केप एकदां एकत्र दाबल्यास वरच्या ओळीचा हा स्वभाव कायमचा पालटतां येतो. आणि कांहींच आठवेनासें झालें, तर पॉवरपॉइंटच्या खिडकींत खालीं उजव्या कोपऱ्यांत पडद्याचें एक लहानसें चित्र असतें; त्यावर माउसनें टिचकी मारावी. त्यानें समोरच्या स्लाइडपासून सुरुवात होते. लाज वाटण्याचें कारण नाहीं; श्रोत्यांचा वेळ वांचला म्हणजे झालें.

एकदां चित्र पडद्यावर आलें कीं पुढचा मार्ग सोपा आहे. उजवा बाण किंवा लांब स्पेसची पट्टी दाबली कीं पुढचें चित्र, डावा बाण दाबला कीं मागचें. हें सगळ्या प्रोग्रॅमांत सारखें आहे. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यांतली एस्केप दाबली कीं खेळ संपला, हेंही सारखेंच. एखाद्या चित्रावर थेट जावयाचें असेल तर त्याचा क्रमांक टाइप करून एन्टर दाबावें. नववें चित्र हवें, तर ९ आणि एन्टर. यासाठीं वक्त्यानें आपल्या महत्त्वाच्या चित्रांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावे. कोणी शंका विचारली असतां आठ चित्रें भराभर उलटीत मागें जाणारा वक्ता आणि एका क्षणांत नेमकें चित्र पुढें आणणारा वक्ता, यांत श्रोत्यांच्या दृष्टीनें फार अंतर पडतें.

या सर्वांत मला जी कळ सर्वांत मोलाची वाटते ती मात्र फार थोडे लोक वापरतात. ती म्हणजे पडदा काळा करण्याची. चित्र दाखविण्याचा खेळ चालू असतां बी हें अक्षर दाबलें कीं पडदा काळा होतो, आणि पुन्हां दाबलें कीं तेंच चित्र परत येतें. डब्ल्यू दाबल्यास पडदा पांढरा होतो. काळ्यासाठीं व पांढऱ्यासाठीं जे इंग्रजी शब्द आहेत त्यांचीं हीं आद्याक्षरें. याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पडद्यावर उजेड आहे तोंवर श्रोत्यांचे डोळे त्या उजेडाकडेच जाणार, हा मनुष्यस्वभाव आहे. वक्ता एखादी जिव्हाळ्याची गोष्ट सांगत असतो आणि श्रोते मागल्या चित्रांतले आंकडे वाचीत असतात. पडदा काळा झाला कीं सगळे डोळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळतात. चित्र बोलण्यासाठीं आहे, बोलणें चित्रासाठीं नाहीं, हें श्रोत्यांना न सांगतां कळतें. आणि वक्त्यालाही कळतें, हें अधिक महत्त्वाचें.

येथें मराठींत लिहिणाऱ्यांसाठीं एक खास सूचना करावयाची आहे. आपण स्लाइडी मराठींत तयार करतों तेव्हां कळफलक मराठीवर नेलेला असतो. इन्स्क्रिप्ट नांवाची जी प्रमाण मांडणी भारतीय भाषांसाठीं ठरली आहे, तींत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनें येतात, व इंग्रजी बी च्या जागीं 'व' हें अक्षर असतें. कळफलक मराठीवरच राहिला आणि आपण बी समजून ती कळ दाबली, तर प्रोग्रॅमला इंग्रजी बी पोंचेल याचा भरंवसा धरूं नये. अंकांचेंही तसेंच, कांहीं मांडण्यांत त्या कळांवर देवनागरी अंक उमटतात. म्हणून भाषणास उभें राहण्यापूर्वीं विंडोजची कळ धरून स्पेस दाबावी आणि कळफलक इंग्रजीवर आणावा. मॅकवर हेंच काम साधारणपणें कंट्रोल व स्पेस यांनीं होतें. आणि हें विसरलेंच, तर एक जुनी सोय हाताशीं आहे. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि लिब्रेऑफिस या तिहींत बी प्रमाणेंच पूर्णविरामाची कळही पडदा काळा करते, आणि इन्स्क्रिप्टमध्यें पूर्णविराम इंग्रजीच्याच जागीं राहिलेला आहे. अक्षरांच्या सर्वांत खालच्या ओळींत, उजव्या हाताला, स्वल्पविरामाच्या पुढची ती कळ. बोलणें थांबवावयाचें तेथें पूर्णविराम, ही खूण लक्षांत ठेवण्यासही सोपी आहे.

स्लाइडी तयार करतांना लागणाऱ्या कळांविषयीं दोन शब्द पुरे. नक्कल उचलणें, ती चिकटविणें, झालेली चूक परतविणें, यांसाठीं विंडोजवर कंट्रोलबरोबर अनुक्रमें सी, व्ही आणि झेड हीं अक्षरें आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागीं कमांड घ्यावी, अक्षरें तींच. परंतु हा नियम सरसकट लावूं नये. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्यें कंट्रोल व एम यांनीं नवी स्लाइड येते. मॅकवर कमांड व एम दाबल्यास सबंध खिडकीच लहान होऊन खालीं जाऊन बसते. तेथें नव्या स्लाइडसाठीं कमांड, शिफ्ट आणि एन लागतात.

आतां ज्या यंत्रांना कळाच नाहींत त्यांचा विचार करूं. फोनवर किंवा टॅब्लेटवर बोट डावीकडे सरकविलें कीं पुढचें चित्र येतें, उजवीकडे सरकविलें कीं मागचें. तेथें खरी अडचण निराळीच असते. भाषण रंगांत आलें असतां घरून फोन येतो, किंवा एखादा खाजगी निरोप सगळ्या सभेला पडद्यावर वाचावयास मिळतो. म्हणून आधींच फोन आणि निरोप बंद ठेवण्याची सोय लावावी. टॅब्लेटला कळफलक जोडतां येतो. आयपॅडला जोडलेल्या कळफलकावरील कमांड कळ क्षणभर धरून ठेवली, तर त्या प्रोग्रॅमच्या कळांची यादीच समोर येते. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्यें खेळ चालू असतां एफ १ दाबल्यास अशीच यादी मिळते. सगळें पाठ करण्यापेक्षां यादी कोठें सांपडते हें ठाऊक असणें शहाणपणाचें.

हातांत धरावयाचा क्लिकर अलीकडे पुष्कळांकडे असतो. त्यांत गूढ कांहीं नाहीं. त्याचा लहानसा तुकडा संगणकाला लावला कीं तो संगणकाला 'मी एक कळफलक आहें' असें सांगतो, आणि आपण बटण दाबलें कीं बहुधा पेज डाउन किंवा पेज अप या कळांचा संदेश पाठवितो. म्हणूनच तो निरनिराळ्या घराण्यांच्या यंत्रांवर सारखाच चालतो. आणि त्याची बॅटरी मध्येंच संपली तर घाबरण्याचें कारण उरत नाहीं, कारण कळफलकावरचा बाण तेंच काम करतो.

एवढें सर्व सांगून झाल्यावर उपाय म्हणून मी एकच सुचवितों. सभेपूर्वीं दहा मिनिटें अगोदर जावें, आणि ज्या यंत्रावर बोलावयाचें त्याच यंत्रावर सहाही गोष्टी एकेकदां करून पाहाव्या. सुरू करा, बंद करा, मधून सुरू करा, पुढें जा, मागें या, पडदा काळा करा, नववें चित्र काढा. दोन मिनिटांचें हें काम आहे. ज्या कळा लागल्या त्या एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक लिहून यंत्राशेजारीं ठेवाव्या. तबलजी मैफलीपूर्वीं तबला लावून घेतो, त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं; मग आपल्यालाच तो कां वाटावा?

त्या आरोग्यसेविका बाईंना मीं असाच एक कागद लिहून दिला होता. पंधरा दिवसांनीं कन्हानलाच, दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठीं, त्यांचें तेंच भाषण पुन्हां झालें. या खेपेस त्या आधीं आल्या, एफ-एन धरून एफ ५ दाबून पाहिली, कळफलक इंग्रजीवर आणला. भाषण चालू असतां त्यांनीं उन्हांत कोसळलेल्या एका मजुराची हकीकत सांगावयास घेतली आणि पूर्णविरामाची कळ दाबली. पडदा काळा झाला. सभागृहांत पंख्यांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज राहिला नाहीं. अंग तापलें, बोलणें असंबद्ध झालें, तर वाट न पाहतां सावलींत न्या, अंग ओलें करा, वारा घाला आणि दवाखाना गांठा, हें त्यांनीं पडद्याच्या मदतीशिवाय, माणसांच्या डोळ्यांत पाहून सांगितलें.

शेवटीं एका मातेनें उठून विचारलें, "बाई, त्या साखरमिठाच्या पाण्याचं माप पुन्हां दाखवा न." बाईंनीं ९ आणि एन्टर दाबलें. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. पडद्यावर तें चित्र पुरतीं दोन मिनिटें राहिलें, आणि पुढच्या बाकावरच्या शाळकरी मुलीनें तें आपल्या वहींत उतरून घेतलें.